हात, पाय आणि डोकं



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मागे एकदा आमच्या भावोजींच्या अपघाताबद्दल आणि त्यानंतरच्या व्यायामाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर पुण्याच्या भाचीने आणि दोन ब्लॉगवाल्या मैत्रिणींनी विचारलं, की पायाचे व्यायाम करताना पाढे म्हणायला लावायचे ही कल्पना कोणाची? तुमच्या घरची, की खरंच असं काही शास्त्र आहे? उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण शोधायला बसले आणि इतकं काही हाती लागलं, की म्हटलं जरा सविस्तरच लिहावं. इतिहास हा माझा शाळेत शिकवायचा विषय, त्यामुळे सवयीने मी प्रत्येक गोष्टीचा उगम शोधत जाते. कंटाळा आला तर मधले परिच्छेद सोडून शेवटाकडे जा, रागावणार नाही!

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडे शरीर आणि बुद्धी यांची खाती वेगळी आहेत. शाळेच्या वेळापत्रकातसुद्धा पीटीचा तास वेगळा आणि गणिताचा तास वेगळा. पीटीच्या तासाला डोकं वर्गात ठेवून जायचं आणि गणिताच्या तासाला हातपाय आवरून बसायचं! १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती या वाटणीविरुद्धच होती. टकळीवर सूत काततानाच मोजणी, गुणाकार आणि कापसाचा भूगोल शिकायचा, अशी ती कल्पना. पुढे शाळांमधून ती कशी उरली हे माझ्या पिढीच्या शिक्षकांना ठाऊक आहे. मूलोद्योग म्हणजे बहुतेक ठिकाणी तासाला टकळी फिरवणं एवढंच राहिलं. असो. पण हात आणि डोकं एकत्र चालवलं तर दोन्ही सुधारतात, ही गोष्ट नुसती शिक्षणातली नाही, वैद्यकातलीही आहे. आणि वैद्यकात ती युद्धामुळे आली.

मेंदूला मार बसला, की तो डोक्यावर आपटून असो किंवा आतली रक्तवाहिनी बंद पडून वा फुटून असो, दोन प्रकारचं नुकसान होतं. एक दिसणारं. हात लुळा पडतो, पाय ओढत चालावं लागतं, तोंड वाकडं होतं. दुसरं न दिसणारं. लक्ष टिकत नाही, कामाचा क्रम लागत नाही, शब्द सापडत नाहीत, राग आवरत नाही. पहिल्याबद्दल सगळे हळहळतात. दुसऱ्याबद्दल मात्र लोक म्हणतात, "आता तर बरा दिसतो, मग असा का वागतो?" घरात असा माणूस ज्यांनी सांभाळलाय त्यांना हे वाक्य नवं नाही.

पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) डोक्याला गोळी किंवा बॉम्बचा तुकडा लागूनही जगलेले सैनिक प्रथमच फार मोठ्या संख्येने इस्पितळांत आले. जखम भरली, पण पुढे काय? जर्मनीत दोन डॉक्टरांनी हा प्रश्न अंगावर घेतला. कोलोनला व्हाल्टर पॉपेलरॉयटर आणि फ्रँकफर्टला कुर्ट गोल्डस्टाइन. फ्रँकफर्टच्या संस्थेत उपचार, मानसशास्त्राची प्रयोगशाळा, शिकवण्याचे वर्ग आणि कामाची कार्यशाळा हे सगळं एकत्र होतं. सैनिकाला वाचायला पुन्हा शिकवायचं आणि हाताने कामही करून घ्यायचं. कामात तो कुठे अडतो, हे पाहून मेंदूत नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्यायचं. तेव्हा आजच्यासारखं सीटी स्कॅन नव्हतं (ते १९७१ साली आलं), त्यामुळे माणसाचं काम हीच डॉक्टरची खिडकी होती. गोल्डस्टाइन सांगत, की मेंदूचा एक तुकडा बिघडला म्हणजे तेवढंच बिघडलं असं नसतं. अख्खा माणूस नव्या परिस्थितीशी जुळवून घेत असतो, म्हणून उपचारही अख्ख्या माणसावरच व्हायला हवा. हे गोल्डस्टाइन ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना अटक झाली आणि पुढे देश सोडावा लागला. ते अमेरिकेत गेले.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? १९१७ साली मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पत्नीच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. युद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना हातचं काम शिकवून पायावर उभं करायचं, हा हेतू. पुढे ही संस्था पुण्याजवळ खडकीला गेली आणि तिथेच रुजली. आपल्या कोकणातूनही त्या लढाईला माणसं गेली होती. तिथे मेंदूच्या दुखापतीचं वेगळं शास्त्र नव्हतं. पण जखम भरली म्हणजे माणूस बरा झाला असं नाही, त्याच्या हाताला पुन्हा काम आलं पाहिजे, एवढं तरी कोणाला तरी उमगलं होतं.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ. इथे मला फार आवडलेल्या दोन गोष्टी आहेत.

रशियात अलेक्सेई लिओन्तिएव्ह आणि अलेक्झांडर झापोरोझेत्स हे दोन मानसशास्त्रज्ञ हाताला जखम झालेल्या सैनिकांवर काम करत होते. (ही मेंदूची दुखापत नव्हे, पण मुद्दा आपल्या कामाचा आहे.) त्यांच्या लक्षात आलं, की सैनिकाला "जमेल तेवढा हात वर कर" असं सांगितलं तर तो थोडाच वर जातो. "समोरच्या त्या खुणेला हात लाव" म्हटलं की जरा जास्त जातो. आणि "ती वर अडकवलेली वस्तू काढून घे" म्हटलं की आणखी वर जातो! हात तोच, स्नायू तेच, दुखणं तेच. बदलला तो मनातला हेतू. १९४५ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. मी वाचलं तेव्हा क्षणभर थांबले, कारण हे आपण लहान मुलांच्या बाबतीत रोज पाहतो. "हात वर कर" म्हटलं तर पोर हलत नाही, पण फळीवरच्या लाडवापर्यंत त्याचा हात बरोबर पोचतो.

दुसरी गोष्ट अलेक्झांडर लुरिया यांची. १९०२ साली कझानला जन्मलेले हे डॉक्टर युद्धकाळात उरल पर्वताच्या भागात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांचं इस्पितळ चालवत होते. तिथे झासेत्स्की नावाचा एक तरुण आला. १९४३ च्या मार्चमध्ये त्याच्या डोक्यात डाव्या बाजूला तुकडा घुसला होता. शिकलेला मुलगा, पण त्याला वाचता येईना, लिहिता येईना. आपला उजवा हात कुठला हेही त्याला पटकन सांगता येईना. एकेक अक्षर आठवायचं, त्याचा आकार डोळ्यांसमोर आणायचा आणि मग काढायचं, यात दिवस जायचा. एके दिवशी त्याला सांगण्यात आलं, की अक्षरांचा विचार करू नकोस, हात न उचलता सलग लिहून टाक. आणि त्याने लिहिलं! डोक्याला हरवलेलं अक्षर हाताला आठवत होतं. आपण लिहिलेलं त्याला वाचता येत नसे ती गोष्ट वेगळी. पण त्या हाताच्या आधाराने तो पंचवीसेक वर्षं लिहीत राहिला, सुमारे तीन हजार पानं. त्यावरून लुरियांनी १९७१ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. झासेत्स्की पूर्ण बरा कधीच झाला नाही, हेही सांगायला हवं.

लुरियांनी उलटी वाटही दाखवली होती. हाताने डोक्याला मदत करायची, तशी डोक्यानेही पायाला करता येते. कंपवाताच्या एका रुग्णाला सपाट जमिनीवर पाऊल टाकता येत नव्हतं. जमिनीवर कागदाचे तुकडे मांडले आणि एकेक ओलांडायला सांगितलं, तर तो चालू लागला. आपोआप होणारी चाल बंद पडली होती, पण विचार करून टाकायचं पाऊल शिल्लक होतं. मेंदूचा एक रस्ता बंद झाला तर दुसऱ्या रस्त्याने गाव गाठायचं, हे लुरियांच्या पद्धतीचं सार. फक्त तो दुसरा रस्ता सापडेपर्यंत शरीर आणि बुद्धी दोघांनाही बरोबर चालावं लागतं.

हे सगळं परदेशातलं झालं. मग आपल्या महाराष्ट्रात ही विद्या कधी आली? इथे मला भेटल्या कमलाबाई निंबकर. खरं सांगते, हे नाव मला ठाऊक होतं ते वेगळ्याच कारणाने. फलटणचं कमला निंबकर बालभवन आम्हा शिक्षकांत नावाजलेलं. मॅक्सिन बर्नसन यांनी उभी केलेली ती मराठी माध्यमाची शाळा. पण ज्यांचं नाव शाळेला दिलं त्या कमलाबाई कोण, हे मी कधी शोधलं नव्हतं.

त्यांचं माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या घरातला १९०० सालचा जन्म. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून १९३० साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव होताच. पन्नाशी जवळ आलेली असताना ही बाई पुन्हा अमेरिकेला गेली आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, रीतसर शिकून परत आली. त्या वयात आपल्याकडे बायका सुनेच्या हाती किल्ल्या देण्याचा विचार करत! परत आल्यावर १९५० साली त्यांनी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. हे भारतातलं पहिलं. १९५२ मध्ये व्यवसायोपचाराची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेला देश आणि एका विद्यालयाच्या जोरावर तिथे बसलेला. याचं श्रेय बरंचसं कमलाबाईंचं.

१९५३ साली मुंबईतच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं, म्हणजे भौतिकोपचाराचं, पहिलं विद्यालय निघालं. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. हाजी अलीच्या दर्ग्याजवळची ती इमारत मुंबईकरांनी बसमधून कितीदा पाहिली असेल. पाच वर्षांच्या आत या तीन गोष्टी मुंबईत झाल्या.

आता दोन्ही विद्यांतला फरक घरगुती भाषेत सांगते. फिजिओथेरपी विचारते, हा हात किती हलतो, त्यात ताकद किती? ऑक्युपेशनल थेरपी विचारते, या हाताने चहा करता येतो का? आणि चहा करणं म्हणजे नुसता हात नव्हे. आधण आधी की पूड आधी, गॅस बंद केला का, साखर दोनदा पडली का... हात, डोळा, आठवण, क्रम, लक्ष, सगळं एका कपात! म्हणून मेंदूच्या दुखापतीत हा उपचार इतका महत्त्वाचा. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आता भेटतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मात्र शोधूनही सापडत नाही, आणि असा कोणी असतो हेच पुष्कळांना माहीत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचा नायक शिक्षक आहे. पेद्रो बाख-इ-रिता हे न्यूयॉर्कमध्ये कॉलेजात शिकवणारे गृहस्थ. १९५९ मध्ये पासष्टीच्या आसपास त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. एक बाजू गेली, बोलणं गेलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे काही आठवडे व्यायाम झाला आणि आता काही होणार नाही, असं सांगण्यात आलं. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकीचा विद्यार्थी होता, पुनर्वसनातलं त्याला काही येत नव्हतं. त्याने साधा विचार केला. मूल चालायच्या आधी रांगतं, तर बाबांनीही आधी रांगावं. म्हातारे प्राध्यापक भिंतीच्या आधाराने रांगू लागले. शेजारीपाजारी म्हणाले, काय ही विटंबना! मग जमिनीवर गोट्यांचा खेळ. मग भांडी घासणं, गोल गोल हात फिरवून. मग टाइपरायटर. दर वेळी नुसता व्यायाम नाही, काही तरी काम किंवा खेळ. प्राध्यापक पुन्हा कॉलेजात शिकवू लागले! १९६५ साली कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूतलं ते मोठं नुकसान तसंच होतं. भरून आलं नव्हतं. म्हणजे उरलेल्या मेंदूने काम वाटून घेतलं होतं. दुसरा मुलगा पॉल डॉक्टर होता, त्याने हे पाहिलं आणि पुढचं आयुष्य मेंदूच्या या लवचिकपणाच्या अभ्यासाला दिलं.

आता आमच्या घराबद्दल. नात्यातल्या वाचकांना हे ठाऊक आहे, पण इतरांसाठी लिहिते. माझे धाकटे दीर एसटीत कंडक्टर होते. २०११ च्या पावसाळ्यात मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागला. वय ५२. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. त्याबद्दल डॉक्टरांचे उपकार आहेतच. घरी पाठवताना कागदावर गोळ्यांची यादी होती आणि खाली "व्यायाम चालू ठेवणे" असं लिहिलेलं. डोक्याबद्दल एक अक्षर नाही. मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या कागदावर! कोणाचं नाव घेत नाही, कारण इतरांच्या घरचे कागदही नंतर पाहिले आणि ते असेच होते.

चार महिन्यांत भावोजी काठी घेऊन चालू लागले. लोक म्हणाले, बरे झाले. पण ते चालताना कोणी हाक मारली की जागच्या जागी उभे राहत. बोलता बोलता चालणं नाही आणि चालता चालता बोलणं नाही. ज्या माणसाने वीस वर्षं हलत्या गाडीत एका हाताने दांडी धरून तिकिटं फाडली, सुटे दिले आणि "पुढे सरका" ओरडत स्टॉपही ध्यानात ठेवले, त्याची ही गत. मला एकदा म्हणाले, "वयनी, डोक्यात सगळे स्टॉप आसत, पण ते रांगेत रवणत नाय." मी इतकी वर्षं मराठी शिकवलं, पण मेंदूच्या दुखापतीचं याहून नेमकं वर्णन मला करता आलं नसतं.

त्यांना व्यायाम शिकवायला कुडाळहून एक मुलगी येत असे. वय पंचविशीच्या आत, पण फार चौकस. तिने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पायऱ्यांवर व्यायाम बदलला. एका पायरीला एक स्टॉप. कुंभारमाठ, चौके, कट्टा, कसाल. चढताना जायचा मार्ग, उतरताना परतीचा. पहिले पंधरा दिवस ते दोन पायऱ्यांत अडखळत. मग मी त्यात भाडं घातलं. चौक्याची तीन तिकिटं, पन्नासची नोट, परत किती? आमची ही सोबत चालत आणि मुद्दाम मध्येच बोलत. दुपारी सुपात तांदूळ आणि कुळीथ मिसळून निवडायला द्यायचे, आधी दोन्ही हातांनी, मग फक्त कमजोर हाताने. नंतर मला कळलं, की आपल्या देशात मेंदूच्या पुनर्प्रशिक्षणात धान्य निवडणं हा एक ठरलेला अभ्यास म्हणून वापरतात. लक्ष टिकवायला आणि बोटांना एकदमच काम! आमच्या आज्यांनी हे शास्त्र पडवीत बसून केलं, फक्त त्याला नाव नव्हतं.

आणि भजन. अपघातानंतर भावोजींना नेमका शब्द सापडत नसे, पण मंडळात बसले की हातात टाळ घेऊन अख्खा अभंग म्हणत. आम्ही याला देवाची कृपा म्हणत होतो, अजूनही म्हणतो. पण १९७३ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी याचीच उपचारपद्धती केली होती. बोलणं गेलेल्या माणसाला डाव्या हाताने ठेका धरायला लावून वाक्य सुरात म्हणायला लावायचं आणि हळूहळू सूर कमी करत बोलण्यावर आणायचं. ठेका आणि शब्द, म्हणजे पुन्हा हात आणि डोकंच.

हे एकत्र का करायचं, याची शास्त्रीय कारणंही आता बरीच पुढे आली आहेत. १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी एक छोटी पाहणी छापली. वृद्धाश्रमातली जी माणसं चालताना बोलायची वेळ आली की थांबतात, ती पुढे जास्त पडतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे भावोजींचं ते थांबणं नुसतं चमत्कारिक नव्हतं, धोक्याची खूण होती. रस्त्यावर कोणी हाक मारणार नाही, हॉर्न वाजणार नाही असं जग कुठे आहे? मग सराव तसाच हवा. उंदरांवरच्या प्रयोगांत नव्वदच्या दशकाअखेरीस दिसलं, की धावल्याने मेंदूच्या स्मरणाच्या भागात नव्या पेशी वाढतात, आणि खेळायला-शोधायला भरपूर असलेल्या पिंजऱ्यात त्या नव्या पेशी जास्त टिकतात. माणसात हे किती घडतं यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. पण माळी म्हणून मला त्यातली कल्पना पटते. व्यायाम म्हणजे पेरणी, शिकणं म्हणजे पाणी. दोन्हीतलं एकच करून वाफा भरत नाही.

इथे सावधगिरीचे दोन शब्द, कारण वाचून कोणी उत्साहाच्या भरात घरच्या माणसाला दामटू नये. २०१५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं, की पक्षाघातानंतर पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार, जास्त वेळ उठवून चालवलं तर फायद्याऐवजी तोटा होतो. सुरुवात कधी आणि किती, हे डॉक्टरांनीच सांगायचं. फिट येणाऱ्यांनी, कवटीचं हाड काढलेल्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच करू नये. आणि मेंदू फार लवकर थकतो. दहा मिनिटं चांगली झाली की थांबावं. भावोजी चिडले की आम्ही तो आळशीपणा समजत नसू, घंटा झाली असं समजून शाळा सोडत असू. पाढे आणि पायऱ्या एकदम जमत नसतील तर आधी पायऱ्या पक्क्या करायच्या, मग पाढे घालायचे. पडण्याचा धोका असताना डोकं गुंतवायचं नाही. ही सगळी पथ्यं त्या मुलीची, माझी नव्हेत.

मग भावोजींचं काय झालं? ते ड्यूटीवर परत गेले नाहीत. नोकरी संपली ती संपलीच. राग अजून येतो, गर्दीत अजून गोंधळतात, नवं माणूस लक्षात राहत नाही. पण आता पासष्टी ओलांडली आहे आणि सकाळी एकटे बाजारात जाऊन बांगडे आणतात. कोळणीशी घासाघीस करतात आणि सुटे मोजून घेतात. आमच्या घरात या मोडीच्या हिशेबाची किंमत काय आहे, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. पहिल्या वर्षी जे झालं त्यापेक्षा जास्त सुधारणा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाली, हेही मुद्दाम लिहिते. "सहा महिन्यांत झालं तेवढं झालं" असं सांगणारे खूप भेटतात. सुरुवातीचे महिने सर्वांत मोलाचे हे खरं, पण दार त्यानंतर बंद होत नाही.

मला राहून राहून वाटतं ते हे. आपल्या जिल्ह्यात माडावरून पडणारे, आंब्याच्या झाडावरून पडणारे, हायवेवर आपटणारे तरुण दर वर्षी असतात. जीव वाचवायची सोय आता पूर्वीपेक्षा बरी आहे. जीव वाचल्यानंतरची सोय मात्र घरावर पडते, आणि घरातही बहुतेक वेळा एका बाईवर. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत, त्यात मेंदूची दुखापत अशी वेगळी ओळ नाही. हात किंवा पाय गेला असेल तर त्याची टक्केवारी निघते. क्रम न लागणाऱ्या माणसाचं प्रमाणपत्र काढताना घरच्यांची दमछाक होते, ती मी पाहिली आहे. कमलाबाईंनी केईएममध्ये पहिला वर्ग सुरू केला त्याला आता पाऊणशे वर्षं झाली. त्या वर्गातून निघालेली विद्या परळहून मालवणपर्यंत यायला आणखी किती वर्षं लागावीत?

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. कोणाच्या घरी असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारा. हातापायांचे व्यायाम सांगितलेत, डोक्याचे कोणते? आणि ही दोन्ही एकत्र कधी सुरू करायची? मुंबई-पुण्यात असाल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची चिठ्ठी मागून घ्या. आणि रुग्ण आधी काय काम करत होता ते उपचार करणाऱ्याला सांगा. शिंप्याला सुई-दोरा, मास्तरला फळा-खडू, कोळ्याला जाळं. मेंदूत खोलवर मुरलेलं काम हेच त्याचं सर्वांत चांगलं क्रमिक पुस्तक असतं.

आमच्या भाचीच्या प्रश्नाचं उत्तर एव्हाना मिळालं असेल. पाढ्यांची कल्पना कुडाळच्या त्या मुलीची. पण तिच्या मागे मोठी परंपरा आहे, फ्रँकफर्टची कार्यशाळा, उरलमधलं इस्पितळ, परळचं विद्यालय आणि मेक्सिकोत रांगणारे एक म्हातारे मास्तर. ती मुलगी आता लग्न होऊन रत्नागिरीकडे गेली. हा लेख तिच्यापर्यंत पोचला तर मला आनंद होईल.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे काही घरगुती व्यायाम उपयोगी पडले असतील तर जरूर कळवा. भावोजींनाही वाचून दाखवीन. मात्र एका वेळी एकच!